कंपनीच्या वतीने कोण बोलते? : हवामानधोरणावरील लॉबिंग तपासण्याची रीत

हवामान बदलाच्या संदर्भात एखाद्या कंपनीची पारख करताना सामान्यतः तिच्या धुराड्याकडे, वीजबिलाकडे आणि अमुक सालापर्यंत ‘निव्वळ शून्य’ गाठण्याच्या, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडले जातील तेवढे शोषले जातील अशी स्थिती आणण्याच्या, जाहीर संकल्पाकडे पाहिले जाते. नियम घडत असताना ती कंपनी सरकारदरबारी काय सांगते, कोणाकरवी सांगते आणि ते सांगणे तिच्या संकल्पाशी जुळते की नाही, हे मात्र क्वचितच तपासले जाते. वास्तविक कारखान्यात झालेली इंधनाची बचत त्या कारखान्यापुरती राहते. पण संपूर्ण उद्योगासाठी येऊ घातलेला नियम दोन वर्षे लांबला, किंवा त्यात सवलतीचे एखादे कलम शिरले, की त्याचा परिणाम त्या उद्योगातील प्रत्येक भट्टीवर आणि प्रत्येक वाहनावर होतो. त्यामुळे भागधारक, पत्रकार, अभ्यासक आणि खुद्द कंपन्यांचे सचिव व संचालक या सर्वांना ही तपासणी करता येणे आवश्यक आहे.

धोरण, कायदा किंवा नियम ठरविणाऱ्यांचे मत आपल्याला अनुकूल व्हावे म्हणून केलेल्या संघटित प्रयत्नाला लॉबिंग म्हणतात. मराठीत यासाठी नेमका शब्द रुळलेला नाही, आणि जे शब्द आसपास येतात (वशिला, रदबदली, वजन वापरणे) त्या सर्वांना खासगी कामाचा आणि थोडासा संशयाचा वास आहे. परिणामी लॉबिंग म्हणजे लाचच, असे एक टोकाचे मत तयार होते आणि तपासणीची गरजच उरत नाही. प्रत्यक्षात सिमेंटची भट्टी बदलण्यास किती खर्च आणि किती काळ लागतो, हे सिमेंट उत्पादकांनी सांगितल्याखेरीज मंत्रालयातील अधिकाऱ्याला कळण्याचा फारसा मार्ग नसतो, आणि असे सांगणे सर्वस्वी वैध आहे. आक्षेप सांगण्याला नसून दोन तोंडांनी सांगण्याला आहे. त्यावर दोन उपाय मानले जातात. पहिला पारदर्शकतेचा, म्हणजे काय सांगितले ते लोकांसमोर ठेवण्याचा. आणि दुसरा कारभाराचा, म्हणजे ते सांगण्याचा अधिकार कंपनीत कोणाला आहे, त्यावर संचालक मंडळाची नजर आहे का आणि विसंगती आढळली तर पुढे काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवण्याचा.

लॉबिंग प्रत्यक्ष असते तसे अप्रत्यक्षही असते. कंपनीच्या अधिकाऱ्याने मंत्र्याची भेट घेणे किंवा मसुद्यावर हरकत नोंदविणे हे प्रत्यक्ष, तर उद्योगसंघटना, व्यापारी मंडळे आणि कंपन्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या अभ्यासगटांमार्फत तेच काम करणे हे अप्रत्यक्ष. हवामानाच्या प्रश्नात दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा ठरला आहे, आणि अमेरिकेतील ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या आघाडीच्या नावात हवामान असले, तरी तिचे काम उत्सर्जनावरील बंधनांना आणि १९९७ च्या क्योटो कराराला विरोध करण्याचे होते. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांतील मोठ्या कंपन्या तिच्या सदस्य होत्या. पुढे बीपी, शेल, फोर्ड, डेमलरक्रायस्लर अशा कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या आणि २००२ मध्ये आघाडी विसर्जित झाली. सदस्य कंपन्यांना स्वतः काही कडवट बोलण्याची गरज पडत नव्हती, कारण ते बोलण्यासाठी आघाडी होती. आणि कंपन्यांचे नाव जाहीरपणे आघाडीशी जोडले जाऊ लागले तेव्हा ते नाव काढून घेणे त्यांना भाग पडले, हे या इतिहासातून ध्यानात येते. संघटनेचे नाव पाहून तिच्या भूमिकेचा अंदाज बांधू नये, हा धडा तर आहेच.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार पगारी लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून विषय व खर्च जाहीर करावे लागतात. युरोपीय संघातही त्यासाठी पारदर्शकता नोंदवही आहे. भारतात असा कायदा नाही. २०१३ मध्ये लोकसभेत या विषयावरचे एक खासगी विधेयक मांडले गेले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. याची एक गमतीशीर बाजू अशी की २०१२ च्या अखेरीस वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ-विक्री कंपनीच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला तो भारतातील कोणत्याही कागदामुळे नव्हे. कंपनीने अमेरिकेत दाखल केलेल्या विवरणांत अन्य विषयांबरोबर भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाचा उल्लेख होता, म्हणून ती बातमी झाली आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्यीय चौकशी नेमली गेली. भारतात व्यवसाय करणारी बहुराष्ट्रीय कंपनी तपासायची असेल, तर तिच्या मायदेशातील नोंदवह्या आधी चाळाव्यात, असा व्यवहार्य सल्ला यातून निघतो.

भारतीय कंपनीच्या बाबतीत सर्वांत उपयोगी कागद म्हणजे ‘सेबी’ने, अर्थात रोखे बाजाराच्या नियामकाने, मे २०२१ मध्ये आणलेला व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाल होय, इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘बीआरएसआर’ म्हणून ओळखला जातो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो सक्तीचा आहे, आणि वार्षिक अहवालात तसेच शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतो. त्याचा तिसरा भाग जबाबदार व्यवसायाच्या नऊ तत्त्वांनुसार रचलेला आहे. बहुतेक वाचक सहाव्या, म्हणजे पर्यावरणाच्या, तत्त्वापाशी थांबतात. लॉबिंगचा माग मात्र सातव्या तत्त्वात आहे. सार्वजनिक व नियामक धोरणावर प्रभाव टाकताना व्यवसायाने जबाबदारीने व पारदर्शकपणे वागावे, असे हे तत्त्व सांगते.

सातव्या तत्त्वाखाली माहिती दोन स्तरांवर मागितली जाते. ‘आवश्यक’ स्तरावर कंपनी किती व्यापारी व औद्योगिक संघटनांची सदस्य आहे ते सांगून पहिल्या दहांची नावे द्यावी लागतात, आणि प्रत्येकीचा पसारा राज्यापुरता आहे की राष्ट्रीय, हे नमूद करावे लागते. ‘नेतृत्व’ या ऐच्छिक स्तरावर कंपनीने कोणत्या धोरणाचा पाठपुरावा केला, त्यासाठी कोणती पद्धत वापरली, ती माहिती लोकांना उपलब्ध आहे का आणि संचालक मंडळ तिचा आढावा किती काळाने घेते, हे विचारले जाते. म्हणजे ज्या प्रश्नाच्या उत्तरात खरे पाणी आहे तोच प्रश्न ऐच्छिक आणि नावांची यादी तेवढी सक्तीची, असा हा उलटा न्याय आहे. २०२३ मध्ये सेबीने या अहवालातील निवडक बाबींची त्रयस्थाकडून खातरजमा करून घेण्याची व्यवस्था आणली, तिच्यातही उत्सर्जन, पाणी, कचरा, कामगारांची सुरक्षितता इत्यादी विषय आले, पण धोरणावरील प्रभाव आला नाही.

या यादीत आणखी एक बारकावा आहे, आणि तो लक्षात न घेतल्यास वाचकाची दिशाभूल होऊ शकते. ‘पहिल्या दहा’ संघटना ठरविण्याची कसोटी ही त्या संघटनेची एकूण सदस्यसंख्या आहे. कंपनी तिला किती वर्गणी देते किंवा ती कंपनीच्या मूळ धंद्याबाबत किती बोलते, याला त्या क्रमवारीत स्थान नाही. त्यामुळे हजारो सदस्य असलेली राष्ट्रीय व्यापारी मंडळे वर येतात, आणि एकाच मालाच्या मोजक्या मोठ्या उत्पादकांची संघटना, जी उत्सर्जनाच्या नियमावर सर्वांत नेमके आणि सर्वांत जोरकस बोलते, ती यादीच्या बाहेर राहू शकते. म्हणून वाचकाने प्रथम एकूण संघटनांची संख्या पाहावी. ती २५ असेल तर १५ नावे अहवालाबाहेर आहेत हे ओळखावे. त्यानंतर त्या उद्योगाच्या विशिष्ट संघटनांच्या संकेतस्थळांवर सदस्य आणि पदाधिकारी यांच्या याद्या पाहाव्यात. कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक संघटनेचा अध्यक्ष किंवा तिच्या पर्यावरणविषयक समितीचा प्रमुख असेल, तर संघटनेचे म्हणणे आणि कंपनीचे म्हणणे वेगळे आहे असा बचाव फारसा टिकत नाही.

ऐच्छिक प्रश्नाचे उत्तर वाचताना त्याच्या नेमकेपणाकडे पाहावे. ‘कंपनी विविध व्यासपीठांवरून शाश्वत विकासाच्या धोरणांना पाठिंबा देते’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही, कारण त्यात नियमाचे नाव नाही, तारीख नाही आणि बाजूही नाही. ‘लागू नाही’ हे उत्तर तर वीज, पोलाद, सिमेंट, मोटार किंवा तेल यांसारख्या पदोपदी नियमन असलेल्या उद्योगातील कंपनीने दिल्यास ते स्वतःच एक माहिती आहे. नेमके उत्तर कसे असावे हे ठरविण्यासाठी चालू नियमांची नावे वाचकाला माहीत हवीत. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात झालेली दुरुस्ती आणि त्या आधारे जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना हे त्यांपैकी एक क्षेत्र आहे. या योजनेत उद्योगांना उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे किती उत्सर्जन चालेल याचे लक्ष्य दिले जाते. लक्ष्यापेक्षा चांगली कामगिरी करणाऱ्यास विकता येणारे प्रमाणपत्र मिळते आणि मागे पडणाऱ्यास ते विकत घ्यावे लागते. लक्ष्य किती कडक असावे, मूळ वर्ष कोणते धरावे, कोणत्या कारखान्यांना वगळावे, या प्रत्येक प्रश्नावर लॉबिंगला वाव आहे, आणि अॅल्युमिनियम वा सिमेंट कंपनीच्या उत्तरात या प्रश्नांचा मागमूस नसेल तर तशी विचारणा करणे रास्त ठरते.

दुसरे क्षेत्र मोटारींचे आहे, आणि पुणे-चाकणच्या पट्ट्यामुळे महाराष्ट्राच्या ते जिव्हाळ्याचे आहे. ‘कॅफे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत एकेका मोटारीला मर्यादा नसते. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींचे सरासरी उत्सर्जन ठरावीक आकड्याखाली असावे लागते. २०१७-१८ पासूनच्या पहिल्या टप्प्यात तो आकडा दर किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा होता, तो २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमवर आला, आणि एप्रिल २०२७ पासून तिसरा टप्पा योजलेला आहे. या टप्प्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सप्टेंबर २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या छोट्या पेट्रोल मोटारींना सवलत सुचविली होती. छोट्या मोटारींवर भिस्त असलेली मारुती सुझुकी सवलतीच्या बाजूने आणि टाटा मोटर्स, महिंद्र यांसारख्या कंपन्या विरोधात, अशी फूट वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आली. या भांडणात कोणतीही बाजू निव्वळ परोपकाराने बोलत होती असे मानण्याचे कारण नाही: एकीकडे छोटी मोटार कमी इंधन पिते आणि मध्यमवर्गाला परवडते हा मुद्दा होता, तर दुसरीकडे वजनाची अशी रेषा एकाच कंपनीच्या फायद्याची ठरेल आणि विजेच्या मोटारींकडे वळण्याची निकड कमी होईल, हा आक्षेप होता. अभ्यासकाच्या दृष्टीने ही घटना मोलाची आहे, कारण एरवी उद्योगसंघटनेच्या एकमुखी निवेदनात झाकला जाणारा हितसंबंध येथे कंपनीनिहाय उघडा पडला. सदस्यांत मतभेद असतानाही संघटना एका सुरात बोलत असेल, तर तो सूर कोणाच्या मताने ठरला हे विचारण्याची सवय यातून लागावी.

मसुद्यावर कोणी काय म्हटले हे कळण्याचे मार्ग विषयानुसार बदलतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ आपल्या सल्लापत्रांवर आलेली मते आणि त्यांवरील प्रतिमते नावानिशी संकेतस्थळावर ठेवतो. २००३ च्या वीज कायद्यानुसार दरनिश्चितीपूर्वी जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरविषयक आदेशांत हरकतदाराचे म्हणणे, त्यावर वीजकंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय हे एकाखाली एक छापलेले आढळतात, आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांचे मुद्देसूद निवेदनही त्यात वाचायला मिळते. वीजनिर्मितीतील कोळसा आणि नवीकरणीय ऊर्जा यांविषयी कंपन्यांची खरी भूमिका शोधणाऱ्याने जाहिरातींपेक्षा हे जाडजूड आणि नीरस आदेश वाचावेत. शपथेवर मांडलेल्या आकड्यांत फुगवण्याला जागा कमी असते.

केंद्रीय मंत्रालयांच्या नियमांबाबत असा सरसकट शिरस्ता नाही. फेब्रुवारी २०१४ च्या पूर्वविधायी सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे ठरले आहे. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. गोषवारा मिळाला तरी त्यातून कोणती ओळ कोणत्या कंपनीची हे बहुधा कळत नाही. अशा वेळी माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. त्याच्या कलम ४ मध्ये महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सरकारी कार्यालयांवर टाकलेले आहे, आणि केंद्राकडे १० रुपये शुल्कासह केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज मोघम नसावा: मसुद्याचा अधिसूचना क्रमांक व दिनांक लिहून, त्यावर उद्योगसंघटना आणि कंपन्यांकडून आलेल्या लेखी निवेदनांच्या प्रती आणि संबंधित बैठकींचे इतिवृत्त मागावे. ‘वाणिज्यिक गोपनीयता’ हे कारण पुढे येण्याची शक्यता असते. सर्वांना लागू होणाऱ्या नियमावरचे मत हे कोणाचे धंद्याचे गुपित नव्हे, आणि मोठे सार्वजनिक हित असल्यास ही सवलत बाजूला ठेवता येते, हे दोन्ही मुद्दे अर्जातच लिहून ठेवल्यास पुढील अपिलाची तयारी आधीच होते.

राजकीय देणग्यांचा विषय लॉबिंगशी जोडून येतो, तरी तो वेगळा ठेवावा. १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे रद्द केले आणि कंपनी कायद्यातील संबंधित दुरुस्त्याही रद्द ठरविल्या. तरीही हा विषय वेगळा ठेवायचा तो यासाठी की देणगीचा आकडा फक्त संशय निर्माण करतो. कोणत्या नियमावर कोणती मागणी केली, हे तो सांगत नाही.

हे सर्व बाहेरून तपासणाऱ्यासाठी झाले. कंपनीच्या आत बसलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले हवामानविषयक जबाबदार लॉबिंगचे जागतिक मानक हा चांगला आरंभबिंदू आहे. स्वीडनचा एपी-७ हा निवृत्तिवेतन निधी, बीएनपी परिबा या बँकेची गुंतवणूक व्यवस्थापन कंपनी आणि चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्तिवेतन मंडळ यांनी पुढाकार घेऊन तयार केलेल्या या मानकात १४ कसोट्या आहेत. आपले लॉबिंग पॅरिस कराराच्या, म्हणजे जागतिक तापमानवाढ मर्यादित ठेवण्याच्या, उद्दिष्टाशी सुसंगत राहील अशी जाहीर बांधिलकी, त्यावर संचालक मंडळाची देखरेख, सर्व संघटनांचा नियमित आढावा आणि विसंगती आढळल्यास कारवाई, हा त्यांचा गाभा आहे. व्यवहारात याची सुरुवात एका साध्या नोंदवहीने करावी, जिच्यात सरकारी अधिकाऱ्याशी झालेली प्रत्येक धोरणविषयक भेट, विषय, दिलेला कागद आणि तो मंजूर करणाऱ्याचे नाव टिपले जाईल. बऱ्याच ठिकाणी शाश्वतता विभाग अहवाल लिहितो, शासनसंपर्क विभाग दिल्लीत भेटी घेतो आणि संघटनेची वर्गणी वित्त विभाग भरतो. या तिघांचे कागद एका टेबलावर आल्याशिवाय विसंगती दिसूच शकत नाही, आणि ते आणणे हे कंपनी सचिवाचे काम मानावे.

संघटनांचा आढावा घेताना प्रत्येक संघटनेची भूमिका प्रत्यक्ष नियमांच्या आधारे तपासावी. ‘हवामान कृतीला आमचा पाठिंबा आहे’ हे तिच्या संकेतस्थळावरील वाक्य पुरावा म्हणून धरू नये. शेलने २०१९ मध्ये अशा १९ संघटनांचा आढावा प्रसिद्ध करून अमेरिकेतील एका तेलशुद्धीकरण संघटनेचे सदस्यत्व सोडण्याचे जाहीर केले. टोटल जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेतून बाहेर पडली. हे निर्णय गाजले, तरी बाहेर पडणे हाच एकमेव उपाय समजू नये. संघटनेत राहून, विशिष्ट मुद्द्यावर आपले मत वेगळे असल्याचे लेखी नोंदवून, भूमिका बदलण्यासाठी मुदत देऊन आणि ती उलटल्यावरच बाहेर पडणे हा मार्ग अनेकदा अधिक परिणामकारक ठरतो. अट एवढीच की मतभेदाची नोंद आणि मुदत दोन्ही जाहीर असाव्यात. ‘आम्ही आतून प्रयत्न करीत आहोत’ हे वाक्य मुदतीविना वर्षानुवर्षे पुरते.

भागधारकांच्या दडपणाचे बळ अमेरिकेत दिसले आहे. मे २०२० मध्ये शेव्हरॉन या तेल कंपनीच्या भागधारकांच्या सभेत लॉबिंग पॅरिस कराराशी कसे जुळते याचा अहवाल मागणाऱ्या ठरावाला, व्यवस्थापनाचा विरोध असताना, ५३ टक्के मते पडली. भारतात लहान भागधारकाला असा ठराव आणणे जवळपास अशक्य आहे, कारण कंपनी कायद्यानुसार त्यासाठी भरणा झालेल्या मताधिकारी भांडवलाच्या एक दशांशाची साथ लागते. तरीही दोन वाटा मोकळ्या आहेत. म्युच्युअल फंडांना एप्रिल २०२२ पासून आपल्याकडील कंपन्यांच्या सर्व ठरावांवर मतदान करणे आणि ते कारणांसह जाहीर करणे सक्तीचे आहे. युनिटधारकाने फंडाला पत्र लिहून, गुंतवलेल्या कंपनीशी संवाद साधताना लॉबिंगचा विषय काढला जातो का, असे विचारावे.

दुसरी वाट वार्षिक सर्वसाधारण सभेची. सभा दूरदृश्य माध्यमातून होत असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि त्यासाठी एक शेअरही पुरतो. प्रश्न असा बेतावा की ‘कंपनी सर्व कायद्यांचे पालन करते’ या उत्तराने तो मिटू नये. उदाहरणार्थ, बीआरएसआर अहवालाच्या अमुक पानावर नमूद केलेल्या संघटनेने अमुक तारखेच्या मसुद्यावर मुदतवाढ मागितली, तिला कंपनीची संमती होती का, आणि असल्यास ती संचालक मंडळाच्या कोणत्या बैठकीत दिली गेली? दूरदृश्य सभांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाने घालून दिलेल्या पद्धतीनुसार सार्वजनिक कंपनीला सभेचा शब्दशः उतारा संकेतस्थळावर ठेवावा लागतो. उत्तर टाळले गेले तर ते टाळणेही त्या उताऱ्यात राहते, आणि पुढच्या वर्षी तेच पान काढून तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो.